जिन्याखाली बॅटरी नको म्हणून अडून बसलो

सोलरच्या जोडीला बॅटरी घ्यायची ठरली तेव्हा मी दोनच गोष्टी बघत होतो: किती युनिट साठणार आणि वॉरंटी किती वर्षांची. बसवणाऱ्या कंपनीचा माणूस घर पाहून गेला आणि जिन्याखालची रिकामी जागा त्याने पक्की केली. "एलएफपी आहे, पेटत नाही." एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम बॅटरीचाच एक प्रकार. मलाही ते पटलं.

त्या रात्री वाचायला बसलो आणि झोप उडाली. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो. निकेल-कोबाल्टच्या सेलमध्ये तो उष्णतेने सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते. म्हणून एलएफपी तुलनेने सुरक्षित, हे खरंच. पण इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्रव, दोन्हींतला ज्वलनशीलच. एखादा सेल आतून शॉर्ट झाला किंवा जास्त चार्ज झाला की तो आपला आपण तापत जातो, शेजारच्यालाही तापवतो, आणि हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड असे वायू सोडतो. ज्वाळा दिसायलाच हव्यात असं नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये 19 एप्रिल 2019 रोजी बॅटरी साठवणुकीच्या एका बंद खोलीत आग विझवणारा वायू आपोआप सुटला होता, तरी सेल तापतच राहिले. काही तासांनी अग्निशमन जवानांनी दार उघडलं आणि साठलेल्या वायूचा स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले.

आमचा जिना म्हणजे वरच्या मजल्यावरून खाली यायचा एकमेव रस्ता. वर आई झोपते. सकाळी फोन करून सांगितलं, बॅटरी घरात बसणार नाही.

मग वाद सुरू झाला. केबल लांबेल, खर्च वाढेल, "आजवर कुणी असं मागितलं नाही". मी यूएल 9540ए या बॅटरीच्या आग-चाचणीचा अहवाल मागितला, तर आधी रंगीत माहितीपत्रक आलं. तीन ईमेलनंतर खरा अहवाल मिळाला. ही चाचणी पास-नापास ठरवत नाही. मुद्दाम एक सेल पेटायला लावून आग किती पसरते, कोणते वायू निघतात, ते त्यात नोंदवतात. मी शोधत होतो ती ओळ सापडली: शेजारच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे सेलच्या पुढच्या गठ्ठ्यापर्यंत, आग गेली नव्हती. जीव थोडा भांड्यात पडला, तरी जागेचा हट्ट सोडला नाही. शेवटी बाहेरची विटांची भिंत ठरली. ऊन लागत नाही आणि खिडकी-दारापासून लांब.

बसवायचं काम एका दिवसात झालं. संध्याकाळी पूर्ण लोडवर तासभर चालवून उष्णता रंगांत दाखवणारा थर्मल कॅमेरा लावला. चार केबलपैकी तीन सारख्याच निळसर दिसल्या, चौथीच्या टोकाशी पिवळा, म्हणजे जास्त तापलेला, ठिपका. सगळं बंद करून इलेक्ट्रिशियनने ती सोडवली. लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा, हातात धरून वायर पिळली, तर ती आत चक्क फिरली. क्रिम्प, म्हणजे लग वायरवर दाबून केलेला जोड, नीट बसलाच नव्हता! डोळ्यांनी बघून कुणालाही कळलं नसतं, आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सेलचं तापमान बघतं, बाहेरच्या या जोडाचं नाही. नवीन लग, टॉर्क पान्याने आवळलेला बोल्ट, पुन्हा तासभर लोड. ठिपका गेला. तुमच्याकडे बॅटरी बसवताना ही एक तपासणी तरी डोळ्यांसमोर करून घ्याच.

मग घरातल्या सगळ्यांना गोळा केलं. पेटी फुगली, सिसकारा आला, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास आला, तर जवळ जायचं नाही, उघडायची नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला फोनवर "लिथियम बॅटरी आहे" हे आधी सांगायचं. विझल्यासारखी दिसली तरी ती काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पुन्हा पेटू शकते. एरवी दुरुस्तीला वगैरे वीज तोडायची तर आयसोलेटरचा खटका कसा फिरवायचा, तेही दाखवलं. आईने दोनदा फिरवून पाहिला. तिला टाचा उंचवाव्या लागत होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी तो वीतभर खाली घ्यायला लावला.