तुम्ही विचारलंत म्हणून: मीठ की बुरशी

"तुमच्यात धंद्याचा गुण आहे, हे तुम्हाला कधी कळलं?" मी आमसुलं करून विकते, म्हणून बचत गटाच्या बैठकीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मला हे विचारून झालंय. गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याहून एका मुलीचा फोन आला. तिचाही प्रश्न हाच होता, फक्त पुढे ती म्हणाली, "माझ्यात तो आहे की नाही, हे कर्ज काढायच्या आधी कसं ओळखू?" मी नेहमीचं उत्तर दिलं, जिद्द हवी. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. जिद्दीने बुडालेली माणसं मी आमच्याच तालुक्यात पाहिली आहेत. म्हणून आता नीट सांगते.

गुण म्हणून माझ्यात कुणालाच काही दिसलं नव्हतं. मी मोजते, ही माझी खोड होती. किती रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आली, किती किडकी निघाली, मीठ किती गेलं, शेजारी वाटीभर आगळ, म्हणजे रातांब्यांचा खारवलेला रस, दिलं तर तेही वहीत. सासूबाई वैतागायच्या, "गो, तू सगळाच मोजतंस, हयसर काय दुकान आसा?" मला त्याची लाज वाटायची. वही तांदळाच्या डब्यामागे ठेवायचे.

पुढे तालुक्याला उद्योजकतेच्या प्रशिक्षणाला गेले. तिथे रिंग फेकायचा खेळ होता. खुंटीपासून किती लांब उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ही कल्पना. त्यांच्या प्रशिक्षणाचा प्रयोग १९६४ साली आपल्याच देशात, आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांवर झाला होता. अगदी जवळ उभा राहणारा भित्रा, फार लांबचा नशिबावर टाकणारा, आणि बेताच्या अंतरावरून फेकतो तो उद्योजक, असं आम्हाला सांगितलं. मी जवळ उभी राहिले. माझ्या नावापुढे 'जोखीम घेत नाही' असं लिहिलं गेलं. रिंग हातात किती जड लागते हे कळल्यावर तिसऱ्या फेकीला मी चार पावलं मागे गेले होते, पण लिहिणाऱ्यांनी पहिलीच फेक धरली. हे मला अजून लागतं. मात्र ते अगदीच चुकले होते असंही म्हणवत नाही.

आता २०२१ चा मे. तौक्ते चक्रीवादळ.

तुम्हाला वादळ माहीत आहे, ते सांगत बसत नाही. माझी आमसुलं पाचव्या पुटावर होती, म्हणजे सालं खारट रसात बुडवून वाळवायची पाचवी फेरी चालू होती. ४६ घरांची ६१ किलोची मागणी होती, चारशे रुपये किलोने २४,४०० रुपये आगाऊ आलेले. रातांबे, मीठ आणि दोन बायकांची मजुरी यात १३,००० गेले होते. उरलेले डब्यात होते, कारण माल पोचेपर्यंत आगाऊ पैसा आपला नसतो, असं मी धरून चालते. १५ मेला सगळा माल खळ्यातून पडवीत आणून ताडपत्रीखाली झाकला. १६ ला पडवीचीच कौलं गेली. मिठातला माल ओल कशी ओढतो ते आमसुलं करणारीला सांगायला नको. नऊ दिवस वीज नव्हती. चुलीच्या वर काथ्याच्या दोरीवर सुपं टांगून वाळवून पाहिलं, तर धुराचा वास धरला.

ऊन पडल्यावर पुन्हा पसरली. वाळली. वर पांढरं आलं.

आमसुलावर मीठ फुलून पांढरं येतंच. भावोजी म्हणाले, मीठच आहे, भरून टाक, आंब्याची गाडी उद्या मुंबईला निघतेय. मी बोट ओलं करून लावलं. मीठ विरघळतं. हे विरघळलं नाही, बोटाला बुळबुळीत लागलं. वासही कोंदट होता. मला कळलं होतं. तरी मी त्यातली बरी दिसणारी ११ किलो निवडली, पिशव्या भरल्या आणि नऊ घरांचा माल गाडीत चढवला.

बैठकींत ही गोष्ट सांगताना मी हा भाग गाळत आले. 'वादळात माल गेला आणि मी सगळ्यांना फोन करून पैसे परत केले,' एवढंच सांगायचे आणि बायका टाळ्या वाजवायच्या. मधले दोन दिवस कुणाला माहीत नाहीत. त्या दोन दिवसांत मी जेवले नाही, आणि प्रामाणिकपणामुळे असं झालं म्हणावं तर तसंही नव्हतं. एखाद्या घरात लहान मूल आजारी पडलं तर, ही भीती होती. नाव जाईल, ही त्याहून मोठी भीती होती.

तिसऱ्या दिवशी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, रेंज आली. वही घेऊन वर गेले आणि नऊही घरांना फोन लावले. खाऊ नका, फेकून द्या, मला माहीत असून मी पाठवलं. तीन घरांनी आमटीत घातलंही होतं. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. एक बाई काहीच बोलल्या नाहीत, नुसता फोन ठेवला. त्यांनी पुन्हा कधी माल मागवला नाही. त्या गप्प राहण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग उरलेल्या ३७ घरांना फोन. एकवीस जणांनी पैसे पुढच्या वर्षाला धरायला सांगितले, बाकीच्यांना परत हवे होते. डब्यातले कमी पडले, म्हणून कुणाला कधी मिळतील ती तारीख सांगितली. शेवटचे पैसे गणपतीच्या आदल्या दिवशी गेले.

हे निभलं कशाने? वहीने. त्या हंगामाआधी शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं, 'या वर्षी १५,००० गेले तर सोसेल.' तो आकडा नसता तर तो फोन मी केला असता का, माहीत नाही. बहुधा नाही.

तेव्हा वेंगुर्ल्याच्या मुली, तुझ्यात काय आहे ते मला फोनवरून दिसत नाही. घरचे तुला ज्यासाठी बोलतात ते एकदा बघ, त्यात काही असेल. पहिली ऑर्डर पाच किलोची घे, कर्जाशिवाय. त्यातला काही माल बिघडेलच, तेव्हा दोन दिवस तू काय करतेस ते लक्षात ठेव. मी काय केलं ते वर लिहिलंच आहे, आणि तरी मी धंद्यात आहे. याचा अर्थ कसा लावायचा ते मला सांगता येत नाही.

या वर्षी मी ८० किलोचीच आगाऊ मागणी घेतली. भावोजी म्हणतात, दीडशे सहज गेले असते. गेलेही असते. मी जवळ उभी राहिले की बेताच्या अंतरावर, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.