बाबांच्या लॅपटॉपला कुठलं अँटिव्हायरस?

बाबांच्या अँटिव्हायरसची मुदत संपत आली, तसं दुकानदाराने तीन वर्षांचं पॅक गळ्यात मारायला सुरुवात केली. मी नको म्हटलं. विंडोज ११ सोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. तो चालू आहे ना आणि अपडेट होतोय ना, एवढं बघायचं. विकतचंच हवं असेल तर आपल्या पुण्याचं क्विक हील आहेच. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी भाऊ संजय यांच्यासोबत ते उभं केलं, याचा मला अभिमान वाटतो. पण दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत, मशीन रखडतं. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, तेव्हा लॅपटॉपवर कुठलं विंडोज आहे, आधी ते बघा.

मला खरी काळजी फोनची आहे. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' नावाची फाइल येते, शेवटी एपीके, म्हणजे पत्रिका नव्हे, अँड्रॉइड ॲपची फाइल. ती उघडून इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, दिली की ओटीपी परस्पर चोराकडे. म्हणून बाबांच्या सेटिंग्जमध्ये व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची मुभा बंद केली, ॲप तपासणारं गुगलचं प्ले प्रोटेक्ट चालू ठेवलं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर आईच्याही फोनमध्ये सेव्ह केलाय.