१९ इंचावरून १७ इंचावर: आमच्या टायरच्या दुकानाची वाटचाल

गाडीला मोठी रिम लावून देणारी दुकानं नागपुरात हवी तितकी आहेत. आमच्याकडे लोक येतात ते मोठी रिम काढून लहान बसवून घ्यायला. तेही साध्या गाड्यांचे मालक नव्हेत. ऑक्टाव्हिया आरएस, बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज सी क्लास, अशा पळणाऱ्या सेडान. एवढी महागडी गाडी घेऊन चाकं लहान करायची म्हटलं की मित्र हसतात, घरचे विचारतात पैसे कमी पडले का. आमचा मात्र निम्म्याहून जास्त धंदा आज याच कामावर उभा आहे.

बाबांचं दुकान कामठी रोडला होतं. ट्रकच्या टायरचं रिमोल्डिंग आणि पंक्चर. उत्तर-दक्षिण जाणारा ४४ क्रमांकाचा आणि सुरतेकडून ओडिशाकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग नागपुरातच एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकला तोटा नव्हता. बाबा आलेल्या टायरवर आधी तळहात ठेवत आणि मग ड्रायव्हरशी बोलत. हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दर फेऱ्याला जास्त मुडपते, मुडपली की आतून तापते, आणि तापत राहिलं की रबर आतल्या थरापासून सुटतं. पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या गावात हे शिकायला वेगळी शाळा लागत नाही. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता असा हवामान खात्याने खुलासा केला, पण त्या दुपारी आमच्या शेडमधल्या एकाही पोराला तो आकडा खोटा वाटला नव्हता.

मी दुकान हातात घेतलं तेव्हा ट्रकवाले एकेक करून बायपासकडे सरकत होते. कर्ज काढून कॉम्प्युटर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं मशीन घेतलं, टायर चेंजर घेतला आणि वर्धा रोडच्या बाजूला गाळा घेऊन कारच्या कामात उतरलो. त्या वेळी सगळी हौस मोठ्या चाकाची होती. १५ ची १६, १६ ची १७. चमकणाऱ्या रिमवर नफा चांगला सुटायचा, तो आम्हीही कमावला, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. गिऱ्हाइकाला हवं ते नीट बसवून देणं हेच आमचं काम.

मग शहरातले रस्ते सिमेंटचे होत गेले. सिमेंटचा रस्ता स्वतः गुळगुळीत असतो, वांधा कडेला असतो. स्लॅब संपतो आणि गट्टू, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, सुरू होतात तिथली खाच, रस्त्याच्या वर आलेलं किंवा खाली राहिलेलं चेंबरचं झाकण, जुन्या डांबराला जोडताना सुटलेली पायरी. खड्डा दिसतो, ही धार दिसत नाही. साइडवॉल उंच असली की हा मार रबर खातं. ती बुटकी असली की रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायर चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला इलाज नाही. टायर भंगारात, आणि नशीब वाईट असेल तर रिमही वाकलेली.

धंद्याला वळण मिळालं ते २०२० मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने गाड्यांच्या नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली. १५-१६ इंचाला काही फरक पडला नाही, ते माप इथेच बनतं. १९ इंची लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या साइडवॉलचं टायर, मात्र बाजारातून दिसेनासं झालं. धंतोलीतल्या एका डॉक्टरांच्या जर्मन सेडानला पुढे २२५/४० आर १९ आणि मागे २५५/३५ आर १९ होते. मागच्या डाव्या टायरला फुगा. मुंबई, पुणे, हैदराबाद, सगळीकडे फोन करून झाले. डॉक्टरच म्हणाले, "भाऊ, याच्याहून लहान बसतच नाही काय?"

बसत होतं. त्याच गाडीचं खालचं मॉडेल बाहेरदेशी १७ इंचावर विकलं जातं, हे त्यांच्या गाडीच्या पुस्तकातच होतं. तिथून आम्ही हिशेब शिकलो. २२५/४० आर १९ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, रिम १९ इंची, रबराची उंची २२५ च्या ४० टक्के, ९० मिलिमीटर, आणि चाकाचा एकूण व्यास साधारण ६६३ मिलिमीटर. २२५/५० आर १७ घेतलं तर रबर ११२ मिलिमीटर आणि व्यास ६५७. फरक एका टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस, गिअर कशालाच तक्रार नाही. बाहेरून चाक तेवढंच उंच, फक्त धातूची जागा रबराने घेतली. पाऊण इंचाहून थोडं जास्तच रबर वाढलं, आणि सिमेंटच्या धारेवर तेच कामाला येतं.

हिशेब कागदावर जमला म्हणजे काम झालं असं नाही. पहिला अडसर ब्रेकचा. पळणाऱ्या गाडीची पुढची डिस्क ३४० मिलिमीटरच्या आसपास असते, तिच्यावर कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा भाग, चढलेला. १७ इंची रिमच्या आत तो मावेलच असं नाही, आणि सारख्याच मापाच्या दोन रिममध्येही आतला आकार वेगळा निघतो. म्हणून आम्ही एक जुना १७ इंची आणि एक १८ इंची संच नुसत्या तपासणीसाठी ठेवला आहे. रिम चढवायची, हाताने फिरवायची, कॅलिपर आणि रिम यांच्यात बोटभर तरी जागा दिसली पाहिजे. नसेल तर १८ वर थांबायचं.

दुसरं, बोल्ट. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मूळ रिमला बोल्टची बैठक गोल असते, बाजारातल्या बहुतेक रिमला ती शंकूसारखी तिरपी. पाच बोल्ट आणि ११२ चा पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, जुळला म्हणून जुनेच बोल्ट कसले, तर ते बसल्यासारखे दिसतात आणि पुढे सैल होतात. मधल्या भोकाचंही तेच. स्कोडाचा हब, म्हणजे रिम जिच्यावर बसते ती मधली बैठक, ५७.१ मिलिमीटरचा, बाजारातल्या रिमचं भोक त्याहून मोठं. मध्ये रिंग टाकली नाही तर शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि गिऱ्हाईक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालतं.

तिसरं, लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, आणि इथे दुकानदारच सर्वात जास्त घसरतात. ऑक्टाव्हियाच्या २२५/४० आर १८ वर बहुधा ९२ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला ६३० किलो. २२५/४५ आर १७ मध्ये साधा टायर ९१ चा येतो, ६१५ किलो. दिसायला एकाचाच फरक. पण चार माणसं, डिकी भरलेली आणि मे महिन्याची दुपार असली की बाबांचा तळहात आठवतो. आम्ही त्यात एक्सएल, म्हणजे जास्त वजन पेलणारा, ९४ चाच टायर देतो, ६७० किलोचा. मिळाला नाही तर थांबायला सांगतो.

आता ऑल-सीझनचं, म्हणजे सगळ्या ऋतूंत चालावा म्हणून बनवलेल्या टायरचं. रिम लहान करा हे मी ठामपणे सांगतो, ऑल-सीझन घ्या हे माणूस बघून. या टायरमध्ये दोन जाती आहेत आणि त्या साइडवॉलवर वाचता येतात. डोंगर आणि त्यात हिमकणाचं चित्र असेल तर तो टायर खऱ्या बर्फासाठी तपासलेला. त्याचं रबर ७ अंशांच्या खालीही मऊ राहावं असं बनवतात. युरोपात उत्तम. आपल्या इथे तोच मऊपणा उन्हात आडवा येतो, वळणावर टायर लिबलिबतो आणि भराभर झिजतो. बर्फ बघायला आपल्याला मनालीच गाठावी लागते, तेवढ्यासाठी वर्षभर हे रबर रस्त्यावर उगाळण्यात अर्थ नाही. दुसरी जात नुसत्या एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) खुणेची, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. नक्षीत बारीक चिरा, पाणी काढायला खोल खाचा आणि चिवट रबर. नागपूरला ही चालते.

कंपनीतून आलेल्या स्पोर्ट टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजेल त्याचा, आकडा बहुधा २०० ते ३०० च्या घरात असतो, या प्रवासी जातीत तो ४०० ते ६०० पर्यंत जातो. हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या चाचणीवरून देते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नये. एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो बरा. त्याच्याशेजारी 'टेंपरेचर' म्हणून उष्णता सोसण्याच्या श्रेणीचं अक्षर असतं, ते 'ए' नसेल तर मी टायर खाली उतरवूनही घेत नाही.

पण रविवारी पहाटे रामटेककडे किंवा पचमढीच्या घाटात गाडी पिळायला जाणारे काही जण आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांना मी ऑल-सीझन देत नाही. तापलेल्या कोरड्या रस्त्यावर स्पोर्ट टायरची पकड वेगळीच असते, ती सोडू नये. त्यांनी १८ किंवा १७ इंचात उन्हाळी, म्हणजे स्पोर्ट टायरच घ्यावा. ऑल-सीझन आहे तो रोज मिहानच्या औद्योगिक भागात जाऊन परत येणाऱ्याचा, पावसाळ्यात पुण्याला घरच्यांना घेऊन जाणाऱ्याचा.

समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि अशी गिऱ्हाइकं वाढली. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून चढलं की १२० ची मर्यादा आणि तासन्‌तास एकच वेग. सुरुवातीला टायर फुटून अपघात झाले आणि सगळ्यांनी सिमेंटला दोष दिला. माझं मत थोडं वेगळं आहे. शहरात तीस-चाळीसच्या वेगाने चालणारा, हवा कमी असलेला, पाच-सहा वर्षांचा टायर तिथे पहिल्यांदा खरं काम करतो आणि उघडा पडतो. टायरवरच्या चार आकडी खुणेत आठवडा आणि वर्ष असतं, तेवढं तरी निघण्याआधी वाचावं. हवा टायर थंड असताना, घरून निघाल्या निघाल्या बघावी. आणि टायरमध्ये नायट्रोजन भरावा का, असं गिऱ्हाईक विचारतात म्हणून सांगतो, साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. आम्ही भरून देतो, पण आग्रह करत नाही.

मोठ्या जर्मन गाड्यांमध्ये आणखी एक सोय होते. पुढे २२५ आणि मागे २५५ असेल तर टायर पुढे-मागे फिरवता येत नाहीत. लहान रिम घेताना चारही चाकं एकाच मापाची केली की दर दहा हजारांनी अदलाबदल करता येते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर पुढच्या-मागच्या घेरात फरक राहिलेला बरा नाही. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारा टायर, काढून साधा टाकला की गाडी लगेच मऊ होते. मात्र यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, म्हणून पंक्चर किट आणि छोटा पंप डिकीत ठेवल्याशिवाय आम्ही चावी परत देत नाही.

तोटेही आहेत, आणि ते बिलाच्या आधी सांगतो. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर उशिरा ऐकते. मागचा टायर अरुंद झाला की जोरात निघताना तो सुटतो. फेंडरमध्ये रिम लहान दिसते, ज्याला ते खुपतं त्याने हे काम करूच नये. एक जण सगळं बसवून, पैसे देऊन, आठ दिवसांनी जुनी चाकं परत चढवायला आले होते. चढवून दिली.

सध्या आमच्यापुढे विजेवरच्या सेडान आहेत. बीवायडी सील, बीएमडब्ल्यू आय फोर. दोन टनांच्या आसपास वजन, पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर, आणि काही टायरच्या आत आवाज दाबायला फोम चिकटवलेला. त्यात पंक्चरचा पॅच लावायचा म्हणजे आधी फोम कापावा लागतो. रिम लहान करायची विचारणा त्यांचीही येते. धाकटा भाऊ १८ इंचाचे लोड इंडेक्स जुळवत बसला आहे. त्याचं पूर्ण होईपर्यंत या गाड्यांना आम्ही मूळ मापावरच ठेवतो.