रडणे होते, दुःख नव्हते

सोलापुरातील माझ्या न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत मंगळवेढा तालुक्यातील एक शेतकरी पत्नी, मुलगा आणि सून यांच्यासह आले, तेव्हा त्यांच्या फाइलला जोडलेल्या चिठ्ठीत ‘अर्धांगवायूनंतरचे नैराश्य’ असे निदान लिहिलेले होते. काही आठवड्यांपूर्वी त्यांना दुसरा झटका येऊन गेला होता. हातापायांत बरीच ताकद परत आली होती. परंतु बोलणे जड झाले होते, पाणी पिताना ठसका लागत होता, आणि कोणी नुसते ‘बरं आहे का?’ असे विचारले तरी ते हुंदके देऊन रडत होते. सून ताट घेऊन समोर गेली की हे रडणे हमखास सुरू होई, त्यामुळे भावकीत तिच्याविषयी नको ते बोलले जाऊ लागले होते. ‘मामांचं मी काही कमी करत नाही, डॉक्टर,’ एवढेच ती म्हणाली.

मी त्यांना यंदा ज्वारी कशी आली, असे विचारले. प्रश्न पुरा होण्याआधीच त्यांचा चेहरा पिळवटला, श्वास अडखळू लागला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. मग त्याच रडण्याचे पाहता पाहता हसण्यात रूपांतर झाले आणि थोड्याच वेळात ते सारे ओसरून चेहरा पूर्ववत झाला. मनात दाटून आलेले दुःख असे कळ दाबल्यासारखे येत नाही आणि असे जातही नाही. म्हणून मी लगेच विचारले, ‘काका, आत्ता रडताना मनात वाईट वाटत होतं का?’ त्यांनी ठामपणे मान हलवली आणि जड जिभेने म्हणाले, ‘वाईट न्हाय वाटत. आपोआप येतं.’ झोप लागत होती, भूक होती, आणि रानात कधी जाता येईल हा ध्यास तर पूर्वीइतकाच होता, असे पत्नीनेही सांगितले.

तपासणीतील एक गोष्ट मी मुलाला आणि सुनेला मुद्दाम जवळ बोलावून दाखवली. ‘दात दाखवा’ असे सांगितल्यावर काकांच्या तोंडाचा उजवा कोपरा जेमतेम हलला; पण पुढच्याच रडण्याच्या उमाळ्यात तोच कोपरा डाव्या कोपऱ्याइतकाच ताणला गेला. स्नायू आणि त्यांची नस शाबूत होती. आपल्या इच्छेने चेहरा हलवण्याचा हुकूम मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, ज्या तंतूंमार्गे मेंदूच्या देठापर्यंत, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागापर्यंत, उतरतो, ते तंतू तुटले होते. भावनेने चेहरा हलवणारी, मेंदूच्या आतल्या भागांतून उतरणारी वाट मात्र वेगळी असल्यामुळे चालू राहिली होती. एमआरआयमध्ये उजवीकडे जुन्या झटक्याचा व्रण आणि देठाच्या डाव्या बाजूला नवा व्रण दिसत होता, म्हणजे दोन्ही बाजूंचे तंतू दुखावले होते. हनुवटीवर बोट ठेवून त्यावर हातोडीने हलकेच मारल्यावर जबडा झटक्याने वर येत होता, तीही याचीच खूण होती.

मनातल्या भावनेशी न जुळणारे, आवरता न येणारे हसणे-रडणे अशा या विकाराला आम्ही ‘स्यूडोबल्बर अफेक्ट’ म्हणतो. ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट किनियर विल्सन यांनी १९२४ साली अशा हसण्या-रडण्याविषयी सविस्तर लिहिले. चेहरा, श्वास आणि कंठ यांना एकत्र जुंपून हसू किंवा रडू घडवणारी यंत्रणा देठात असते आणि तिच्यावरचा वरून येणारा ताबा सुटतो, असे त्यांचे म्हणणे होते. २००१ साली मेंदूचे अभ्यासक पर्विझी, दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात अनुमस्तिष्काची, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूची, भर घातली: कोणत्या प्रसंगी किती हसावे-रडावे हे जुळवून घेण्याचे काम तो करतो, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा तुटल्या की हे माप बिघडते. मला हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण काकांचे रडणे निव्वळ निष्कारण नव्हते. कोणी आपुलकीने बोलले की ते येत होते, फक्त कारण रतीभर आणि रडणे मणभर असे त्याचे स्वरूप होते. सून समोर आल्यावर ते अधिक का येई, याचेही उत्तर त्यात होते: ती आस्थेने विचारपूस करत होती.

घरच्यांना मी पाटाच्या पाण्याची उपमा दिली: दार मोडले की पिकाला हवे असो वा नसो, पाणी येतच राहते. मुलाने सुटकेचा श्वास सोडला. पत्नीने मात्र त्या दिवसाचा सर्वांत नेमका प्रश्न विचारला: ‘मग खरंच वाईट वाटलं तर आम्हाला कळायचं कसं?’ हा प्रश्न रास्त होता, कारण अर्धांगवायूनंतर जवळपास एक तृतीयांश रुग्णांना खरोखरचे नैराश्य येते आणि हे दोन्ही विकार एकाच माणसात असू शकतात. मी सांगितले की अश्रूंवरून काही ठरवू नका. उमाळा ओसरू द्या आणि मग त्यांनाच विचारा. झोप, भूक किंवा रानाची ओढ कमी झाली तर मला कळवा. रडू येताना ‘रडू नका’ असे विनवण्याऐवजी विषय बदलावा आणि जेवण चालू असेल तर घास थांबवावा, नाहीतर ठसका लागतो, हेही समजावले.

नैराश्यावर वापरले जाणारेच एक औषध मी लहान मात्रेत सुरू केले. नैराश्यावर त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, या रडण्यावर मात्र तो बहुधा काही दिवसांतच दिसतो. डेन्मार्कमधील डॉक्टरांनी १९९३ साली सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाच्या चाचणीत हे दाखवले होते. या फरकावरूनही दोन्ही विकार वेगळे असल्याचे लक्षात येते. अर्धांगवायूच्या रुग्णाला आपण हातापायांची ताकद विचारतो, रक्तदाब मोजतो, पण ‘मनात नसताना रडू येते का?’ हे विचारत नाही, आणि एका घरातील सून त्यामुळे विनाकारण आरोपी ठरते, याची मला मनापासून चीड येते.

पुढच्या भेटीत रडण्याचे उमाळे बरेच कमी झाले होते, अगदी थांबले नव्हते. काकांना ताट आता पुन्हा सूनच वाढत होती. मी औषधाची मात्रा तीच ठेवली आणि गिळण्याच्या व्यायामासाठी त्यांना स्पीच थेरपिस्टकडे पाठवले.