संपवून यायचं नाही

महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण काकूंकडे जमतो. काकूंकडेच, कारण आमच्या बिल्डिंगची लिफ्ट निम्मा महिना बंद असते आणि त्यांच्या गुडघ्यांना जिना चालत नाही. सध्या कुठली कादंबरी वाचतोय ते सांगायचं, चिवडा खायचा, भांडायचं आणि घरी जायचं. नियम एकच: पुस्तक संपवून यायचं नाही.

या नियमामागे एक सद्गृहस्थ आहेत. पहिल्या वर्षी ते न चुकता यायचे. दर वेळी पुस्तक संपवलेलं, प्रस्तावना पाठ, आणि मग 'लेखकाला नेमकं काय म्हणायचंय' यावर पाऊण तास. तोवर चहा गार. त्यांचं चुकायचं असं नाही, पण मतं सगळी इस्त्री करून आणलेली. शेवट ठाऊक झाला की माणूस पहिल्या पानापासून शहाणा होतो. अर्ध्यात असलेला वाचक मात्र चिडलेला असतो, कोणावर तरी लोभ जडलेला असतो, पुढच्या पन्नास पानांत तोंडघशीही पडणार असतो. मला तो ऐकायला आवडतो.

तर यंदा मी उद्धव शेळक्यांची 'धग' घेतली होती. 1960 ची कादंबरी. नाव कॉलेजपासून ऐकत होते, पण हात लावला नव्हता. खरं कारण सांगायचं तर वऱ्हाडीची भीती. माझा जन्म गिरगावातला, संसार डोंबिवलीत. 'काहून' आणि 'माह्या' एवढ्यावर माझी वऱ्हाडी संपते. निवेदन सरळ वाचता येत होतं, पण माणसं बोलायला लागली की मी अडखळायचे. चाळीसेक पानं झाल्यावर रविवारी तक्रार केली की संवाद दोन-दोनदा वाचावे लागतात.

आमच्यात एक जण बँकेत आहे, माहेर अमरावतीकडचं. एरवी आमच्याशी अगदी पुणेरी बोलते. तिने माझ्या हातातून पुस्तक घेतलं. "काहून वं, यात काय समजत नाही तुले?" म्हणाली आणि मोठ्याने वाचायलाच लागली. दोन पानं वाचली असतील. नायिकेच्या, कौतिकच्या तोंडचं वाक्य आलं की तिचा आवाज खाली उतरायचा, थोडा खरखरीत व्हायचा. वाचून झाल्यावर म्हणाली, "माही आजी अशीच बोले." आणि उठून पाणी प्यायला गेली.

त्यानंतर मीही घरी मोठ्याने वाचायला लागले. नवऱ्याने बाहेरून विचारलं, फोनवर कोणाशी भांडतेस? पण खरंच, ते संवाद डोळ्यांनी वाचायचे नाहीतच. कौतिक नवऱ्याला बोलते, पोरांना बोलते, नशिबाला बोलते, आणि एवढं बोलताना हात कुठे थांबले आहेत असं होत नाही. नवरा महादेव जातीने शिंपी, पण शिंपीकामात मन रमत नाही. पहिल्या रविवारी मी जाहीर करून टाकलं होतं की असल्या माणसाला तिने घराबाहेर काढायला हवं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या महिन्यापर्यंत महादेवला महारोग झाला होता. आता माझा राग ठेवायचा कुठे? मी तसं बोलून दाखवलं. मला वाटलं होतं, सगळे हळहळतील. बँकवाली म्हणाली, "राग का सोडायचा? आजारी पडला म्हणून आधीचं सगळं माफ? कौतिकने तरी कुठे सोडलाय?" काकू म्हणाल्या, राग सोडत नाही आणि माणूसही सोडत नाही, तीच तर पंचाईत आहे तिची. त्यावर अर्धा तास जुंपली. मी पुढचं वाचलेलं नव्हतं, म्हणून कोणाच्याच बाजूने बोलता येईना. समजा पुस्तक संपवून आले असते, तर 'दारिद्र्याचं दाहक चित्रण' वगैरे म्हणून मोकळी झाले असते.

'वगैरे'वरून आठवलं. माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो. सुट्टीत आला होता तेव्हा चिवड्याच्या आशेने माझ्याबरोबर आला. हातात भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला'. मला म्हणाला, "मावशी, हे माझंच आहे सगळं." किती पानं झाली विचारलं, तर होस्टेल आणि मेसच्या भानगडींत होता. वाचून दाखवताना स्वतःच इतका हसत होता की आम्हाला काही कळेना. शिवाय 'कोसला'च्या नायकासारखं त्याच्याही प्रत्येक वाक्यात 'उदाहरणार्थ' नाहीतर 'वगैरे'. 1963 मध्ये नेमाड्यांनी हे पुस्तक दिलं तेव्हापासून प्रत्येक पिढीला हा गोवर येतो, सहा महिन्यांत उतरतो. मलाही आला होता. 1990 साली मी होस्टेलवरून घरी तशाच भाषेत पत्र लिहिलं होतं. वडिलांचं उत्तर एका ओळीचं: 'उदाहरणार्थ तीनशे रुपये पाठवले आहेत वगैरे.'

भाच्याला मी काही बोलले नाही. नायकाची, पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण देवीच्या आजारात जाते, ते पुढे यायचं होतं. त्याला स्वतःला एक धाकटी बहीण आहे. पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला. तिथवर पोचला होता. रात्री साडेबाराला त्याने बहिणीला उगाच फोन लावला होता आणि तिने झोप मोडली म्हणून चांगलाच झापला होता. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. "तू आधी सांगितलं का नाहीस?" मला विचारत होता. सांगून काय केलं असतं त्याने? या खेपेला संपूर्ण फोनमध्ये 'उदाहरणार्थ' एकदाही नव्हतं.

माझं स्वतःचं एक जुनं देणं आहे. नेमाड्यांची 'हिंदू' ही कादंबरी 2010 ला आली तेव्हा लगेच घेतली. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून मोठ्या उमेदीने सुरुवात केली, नायक खंडेरावाबरोबर त्याच्या गावी, मोरगावला पोचले आणि तिथेच मुक्काम पडला. नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा लाजेकाजेस्तव पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तिथेच. खूण म्हणून घातलेला 2011 चा लोकलचा पास अजून त्याच जागी आहे. फोटोतली मी ओळखू येत नाही. आमच्या नियमात मी सर्वांत चोख बसते, असं नवरा म्हणतो. तो स्वतः वर्तमानपत्रापलीकडे जात नाही.

आणि काकू. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदू काढलेलं, दुसऱ्याचं काढायचंय. गेले चार महिने विचारलं की एकच उत्तर: 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची, 1939 ची. एवढीशी कादंबरी, एका बैठकीत होईल अशी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर आणि हॅर्टा. तो हिंदुस्थानात परतणारा, ती जर्मनीतून निघावं लागलेली ज्यू मुलगी. काकूंनी ती बी.ए.ला असताना वाचली, नंतरही दोन-तीनदा. मग चार महिने काय वाचतात, असा मला प्रश्न पडला होता. डोळ्यांमुळे वेग कमी झाला असेल असं धरून चालले होते.

परवा भाचा पुन्हा आला होता. त्याने सरळ विचारलं, "आजी, शेवटी काय होतं त्यांचं?"

मला शेवट माहीत होता. चक्रधर मुंबईला उतरतो, तिला उतरता येत नाही, बोट पुढे जाते. त्यापुढचंही माहीत होतं. मी काकूंकडे बघितलं. पुस्तक मांडीवर होतं, खुणेला देवपूजेच्या वातीचा कापूस, शेवटाच्या बराच अलीकडे. तिथवर आलं की त्या पुन्हा पहिल्या पानावर जातात, हे मला तेव्हा कळलं.

"अजून बोटीवरच आहेत," काकू म्हणाल्या. "तू चिवडा घे."