शांततेचं वेळापत्रक

जर्मनीत राहते म्हटलं की भारतातून पहिला प्रश्न थंडीचा येतो आणि दुसरा शांततेचा. थंडीबद्दल तुम्ही ऐकलंय ते बरंचसं खरं आहे. शांततेबद्दलचं अर्धंच.

मी हॅनोवरमध्ये लिंडन भागात राहते. एकेकाळची ही कामगारांची वस्ती, आता विद्यार्थी आणि आमच्यासारखे परदेशी यांनी भरलेली. आमची इमारत पहिल्या महायुद्धाच्या आधीची. उंच छत, मोठ्या खिडक्या, फोटोत फार देखणी दिसते. पण मजल्यांच्या मध्ये काँक्रीट नाही, लाकडी तुळया आहेत. वरचे गृहस्थ सेकंड शिफ्ट करून मध्यरात्रीनंतर घरी येतात. त्यांनी बूट काढले की नाही, स्वयंपाकघरातला कुठला खण उघडला, हे मला पलंगावर पडल्या पडल्या सांगता येतं. घरमालकाकडे विचारणा केली तर उत्तर आलं की इमारत ज्या काळात बांधली त्या काळच्या मापानं ध्वनिरोधन असलं की पुरे. चिडून वकिलाला विचारलं, तर तोही म्हणाला, बरोबर आहे. इथल्या न्यायालयांची भूमिका तीच आहे. माणसानं स्वतःच्या घरात चालणं हा गुन्हा नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराला आज नोटीस पाठवता येत नाही.

'सवय होईल' असं सगळे सांगतात. डोक्याला होते, शरीराला तितकीशी होत नाही. झोपेतही कान बंद नसतात. आवाज आला की आपण जागे न होताही नाडीचा वेग वाढतो, अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं स्रवतात, रक्तदाब थोडा वर जातो. इथून काही तासांवरच्या माइन्झ विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ थोमास म्युन्झेल यांच्या गटानं निरोगी स्वयंसेवकांना रात्री झोपेत विमानांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. सकाळी त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झालेली आढळली. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची शिफारस केली, ती घराबाहेर ४० डेसिबल. फ्रिजच्या गुरगुरण्याहून हे फार जास्त नाही.

पण विमानं आणि रस्ते वेगळे, शेजारी वेगळा. शेजाऱ्याच्या आवाजात डेसिबल फारसे नसतात, मनस्तापच जास्त असतो. याच संघटनेच्या पुढाकारानं आठ युरोपीय शहरांत घरं आणि आरोग्य यांची पाहणी झाली होती. शेजारच्या आवाजानं सतत त्रासलेल्या प्रौढांमध्ये नैराश्य, अर्धशिशी आणि हृदयाच्या तक्रारी जास्त आढळल्या. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही हे खरं. आधीच खचलेल्या माणसाला आवाज जास्त बोचतो असंही असू शकेल. तरी माझा अनुभव पाहणीच्या बाजूनं आहे.

यातला मला पटलेला धागा मात्र जर्मनीतला नाही. १९७० च्या आसपास अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना काम करता करता मध्येच मोठे, बेभरवशाचे आवाज ऐकवले. काही जणांना एक बटण दिलं आणि सांगितलं की अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला. नंतर न सुटणारी कोडी दिली, तेव्हा बटण असलेले लोक कितीतरी जास्त वेळ चिकाटीनं बसले, ज्यांच्याकडे बटण नव्हतं ते लवकर हरले.

जर्मन लोकांनी हे बटण जिन्यात भिंतीवर लावलंय. त्याला हाउसऑर्डनुंग म्हणतात, म्हणजे इमारतीची नियमावली. रात्री १० ते सकाळी ६ शांतता. बऱ्याच इमारतींत दुपारी १ ते ३ सुद्धा. रविवारी आणि सणाच्या दिवशी ड्रिल नाही, रिकाम्या बाटल्या काच जमा करायच्या पेटीत टाकणं नाही. वस्तीत रविवारी गवत कापायचं यंत्र चालवायला तर देशाच्याच कायद्यानं बंदी आहे, आणि पानं उडवायच्या यंत्राला कामाच्या दिवशीही सकाळी ९ ते १ आणि दुपारी ३ ते ५ एवढीच मुभा. रविवारच्या विसाव्याचं कलम १९१९ च्या वायमार संविधानातून उचलून आजच्या संविधानात जसंच्या तसं घेतलंय. विनाकारण गोंगाट केला तर ५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. एवढा दंड झालेला कोणी मला अजून भेटलेला नाही.

याचा फायदा काय? समोरच्या बाईंनी शनिवारी दुपारी भिंत फोडायला घेतली तरी मला ठाऊक असतं की रविवारी ती थांबणार. आवाज तेवढाच, पण त्याला शेवट आहे. आणि सांगायला गेले तर 'मला त्रास होतोय' असं म्हणावं लागत नाही, भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं की झालं. भांडण माणसांमध्ये राहत नाही.

आता उलटी बाजू. आमच्या घरात तबला आहे. नवरा रियाज करतो, आणि लाकडी तुळयांवर डग्गा कसा घुमतो ते खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारा. इथं कायदा आमच्या बाजूचा निघाला. आउग्सबुर्गमधल्या एका व्यावसायिक ट्रंपेटवादकाच्या शेजाऱ्यांनी त्याच्यावर खटला भरला होता. २०१८ साली सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं की घरात वाद्य वाजवणं हा नेहमीच्या जगण्याचाच भाग आहे. कामाच्या दिवशी साधारण दोन ते तीन तास आणि रविवारी एक ते दोन तास चालेल, विश्रांतीच्या वेळा पाळून. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी ५ ते ७ तबला असतो. वेळ ठरल्यापासून आजी त्या वेळात फिरायला जातात, आणि दिवाळीला चकल्या न विसरता मागून घेतात.

मुलांच्या बाबतीतही तसंच. बालवाड्यांविरुद्ध शेजारी कोर्टात जायला लागले तेव्हा २०११ साली संसदेनं कायद्यातच लिहून टाकलं की बालवाडी आणि खेळाच्या मैदानातला मुलांचा आवाज सहसा प्रदूषण मानायचा नाही. मला हे फार आवडतं. कुठला आवाज सोसायचा हे समाजानं बसून ठरवलं.

या शहराला या भांडणाचा इतिहासही आहे. इथल्याच थिओडोर लेसिंग या तत्त्वज्ञानं १९०८ साली गोंगाटाविरुद्ध संघ काढला होता. गालिचे बडवणं, गाड्यांचा खडखडाट, सगळ्यांवर त्याचा राग. संघ काही वर्षांतच बंद पडला. शांतता हवी होती ती लिहित्या-वाचत्या मंडळींना, आणि आवाज होता तो पोट भरणाऱ्यांचा. लिंडनमधले कामगार त्यात कशाला येतील? पुढे १९३३ साली नाझींच्या हस्तकांनी त्याला मारीएनबाडला गोळ्या घातल्या. मी ज्या प्रौढशिक्षण केंद्रात जर्मन शिकले ते त्यानं आणि त्याची बायको आडानं उभं केलं, आज दोघांचं नाव त्यावर आहे.

आणि हे सगळं असूनही उन्हाळ्यात आमच्या लिमरश्ट्रासेवर रात्री १ वाजता जा. फुटपाथवर बिअरच्या बाटल्या घेऊन शेकडो पोरं बसलेली असतात, वर खिडक्यांत माणसं ताटकळत असतात. तिथं कागद कोणाला दाखवणार?

आपल्याकडे नियमच नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी एक आठवण करून देते. आपले ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत, आणि त्यातली रात्रही १० ते ६ अशीच आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं शांतपणे जगणं हे जगण्याच्या मूलभूत हक्काशी, कलम २१ शी, जोडलं. कमी पडतं ते बटण. तक्रार करायची म्हणजे नाव द्यायचं, आणि नाव संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं दिलेल्या निकालात मला भोंग्यांपेक्षा एक आदेश महत्त्वाचा वाटला: पोलिसांनी तक्रारदाराची ओळख तपासत बसू नये आणि ती कळलीच तर समोरच्याला सांगू नये.

दिवसा चालणारं ड्रिल मशीन आणि वरच्या मजल्यावरची तोडफोड या निकालात येत नाही. ते सोसायटीनंच बघायचं. डोंबिवलीला आईच्या सोसायटीनं वार्षिक सभेत ठराव केलाय: फोडाफोडी सकाळी १० ते १ आणि ४ ते ७, रविवारी पूर्ण बंद. इतिवृत्तात ठराव 'काही सभासदांनी' मांडला असं आहे. हे काही सभासद कोण, असं आईला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "तुला तिकडे बसून कशाला हव्यात चौकशा?"