कडक आणि सौम्य
आज लीड्समधल्या एका पबमध्ये १२ टक्के अल्कोहोलची इम्पीरियल स्टाउट आणि साडेतीन टक्क्यांची माइल्ड, अशा दोन्ही बिअर चाखल्या. स्टाउट पाइंटच्या (सुमारे ५६८ मिलिलिटर) एक तृतीयांश मापाच्या ग्लासात आली. काळीकुट्ट, दाट, जळलेल्या गुळाच्या वासाची आणि पहिल्या घोटातच सगळे सांगून टाकणारी. तिचे आकर्षण मला कळते, कारण इतक्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) येणारी चव सौम्य बिअरमध्ये उतरणे कठीणच असते. परंतु २०१० मध्ये स्कॉटलंडच्या ब्रूडॉग या बिअर कंपनीने बिअर गोठवून, त्यातला बर्फ काढून टाकून ती ५५ टक्क्यांपर्यंत नेली, तेव्हा प्रश्न चवीचा उरलाच नव्हता, असे माझे मत आहे.

माइल्डचे कसब निराळे. पिंपातच पुन्हा आंबणारी ही बिअर तळघरात साधारण १२ अंशांवर ठेवतात, हातपंपाने ओढतात आणि पिंप उघडल्यावर तीन-चार दिवसांत ती संपवावी लागते, नाहीतर ती उतरते. अल्कोहोल बेताचे असल्याने बनवणाऱ्याची चूक झाकायला तिच्यात जागाच नसते. आपल्याकडे आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ मागणाऱ्यांना ती पाणचट वाटेल, हे मान्य. मी मात्र पुढचा पूर्ण पाइंट माइल्डचाच घेतला.